एसक्यूलाइटमध्ये ‘पाणी’ शोधलं की ‘पुणे’ मिळतं: सोर्समधून बांधून टोकनायझर बदलायचाय

खटपट्या:

जुन्या मराठी मासिकांची लेखसूची एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये भरली आहे, सुमारे ४० हजार नोंदी. उबुंटू, पायथन, शोधासाठी एफटीएस५ (त्यातली पूर्ण-मजकूर शोधाची सोय), टोकनायझर (मजकुराचे शोधायचे तुकडे, म्हणजे टोकन, पाडणारा भाग) काहीच सांगितलेला नाही म्हणजे मूळचा युनिकोड६१. तीन तक्रारी आहेत.

एक, ‘पाणी’ शोधलं की ‘पुणे’ असलेली शीर्षकंही येतात. दोन, ‘दुसऱ्या’ हा शब्द निम्म्या नोंदींत सापडतो, निम्म्यांत नाही. डोळ्यांना दोन्हीकडे अक्षरं सारखीच दिसतात. तीन, ‘ॲप’, ‘ॲसिड’ वगैरेंचीही तीच गत.

एसक्यूलाइट सार्वजनिक मालकीत आहे, तेव्हा सरळ संकेतस्थळावरची एकत्रित एसक्यूलाइट३.सी फाइल उतरवून त्यात टोकनायझर दुरुस्त करावा, मग सुडो मेक इन्स्टॉल (म्हणजे सगळ्या सिस्टमसाठी बसवणं), असा बेत आहे. नेमकं कुठलं फंक्शन बदलायचं आणि बांधताना काय काय फसतं?

*

रफार:

सुडो मेक इन्स्टॉल अजिबात नको, त्यावर कुणीतरी लिहीलच. आधी पहिली तक्रार, कारण तिच्यासाठी सोर्सला हात लावायची गरजच नाही.

युनिकोड६१ प्रत्येक कोडपॉइंटचा (युनिकोडमधल्या एकेका खुणेचा) युनिकोड वर्ग पाहतो. वर्ग ‘एल’ (अक्षर), ‘एन’ (अंक) किंवा ‘सीओ’ (खासगी वापरासाठी राखलेले) असेल तर तो शब्दाचा भाग; बाकी सगळं म्हणजे शब्दाची हद्द. आपल्या मात्रा यातल्या कशातच बसत नाहीत. काना, पहिली-दुसरी वेलांटी, ओकार हे ‘एमसी’ वर्गात. उकार, एकार, अनुस्वार आणि हलन्त हे ‘एमएन’ वर्गात. म्हणजे प्रत्येक मात्रेवर शब्द तुटतो. ‘पाणी’चे टोकन ‘प’ आणि ‘ण’. ‘पुणे’चेही ‘प’ आणि ‘ण’. शोधताना एका शब्दाचे दोन टोकन झाले की एफटीएस५ त्यांचा वाक्यांश करतं, ‘प’च्या लगेच पुढे ‘ण’, आणि तो दोन्हीकडे जुळतो. ‘पण’ मात्र येत नाही, कारण तिथे मधे मात्रा नाही आणि तो अखंड एकच टोकन आहे.

लॅटिनमधल्या वरच्या खुणांसाठी कोडमध्ये एक वेगळी सवलत आहे, पण ती ७६८ ते ८१७ या कोडपॉइंटपुरतीच. देवनागरी तिच्यात येत नाही.

उपाय ‘कॅटेगरीज’ हा पर्याय:

क्रिएट व्हर्च्युअल टेबल सूची यूझिंग एफटीएस५(शीर्षक, टोकनाइझ = "युनिकोड६१ कॅटेगरीज 'एल* एन* सीओ एमएन एमसी'");

बाहेर दुहेरी अवतरण, आत एकेरी. उलटसुलट केलंत तर पार्सर अडतो. टेबल एकदा बनलं की टोकनायझर बदलता येत नाही, ऑल्टर चालत नाही. नवं टेबल करून इन्सर्ट-सिलेक्टनं ओळी हलवा.

झालं की नाही हे अंदाजानं ठरवू नका. एफटीएस५व्होकॅब नावाचं आभासी टेबल त्याच सूचीवर ‘रो’ प्रकारात उघडा आणि ‘टर्म’ स्तंभ वाचा. सुटी ‘प’, ‘ण’, ‘द’ अशी अक्षरं ढिगानं दिसली तर पर्याय लागलेला नाही.

ट्रायग्रॅम टोकनायझरही कुणी सुचवेल. तो तीन-तीन कोडपॉइंटचे तुकडे करतो. ‘हे’, ‘ती’ हे दोन कोडपॉइंटचे, म्हणून ते सापडतच नाहीत, आणि अनुक्रमणिका बरीच फुगते. लेखसूचीला नको.

*

अर्धविराम:

वरचं बरोबर आहे, पण दुसरी तक्रार त्यानं मिटत नाही, उलट एक नवीन गंमत होते.

‘दुसऱ्या’मधला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकला जातो:

अ) ऱ (यू+०९३१), हलन्त (यू+०९४डी), य
आ) र (यू+०९३०), हलन्त, शून्यरुंदीचा जोडक (यू+२००डी), य

हा जोडक ‘सीएफ’ (न दिसणाऱ्या रचना-खुणा) वर्गात आहे, म्हणजे ‘एमएन’ आणि ‘एमसी’ वाढवूनही तो हद्दच ठरतो. परिणामी (आ) पद्धतीच्या शब्दाचे दोन टोकन होतात: ‘दुसर्’ आणि ‘या’. ‘या’ शोधून बघा, काय गर्दी लोटते ते. कऱ्हाड, वऱ्हाड, गिऱ्हाईक, शेतकऱ्यांना, सगळ्यांची हीच कथा.

युनिकोडचं एनएफसी प्रमाणीकरण करून भागेल असं वाटतं, पण भागत नाही. एनएफसी फक्त र + नुक्ता (यू+०९३सी) या जोडीचा ऱ करतं. जोडकाच्या पद्धतीला ते ओळखत नाही, कारण प्रमाणात ती समतुल्यता नोंदलेलीच नाही. ‘ॲ’चंही तसंच: यू+०९७२ हे एक अक्षर, अ + ॅ (यू+०९०५, यू+०९४५) ही जोडी, आणि शिवाय ऍ (यू+०९०डी). तिन्ही दिसायला जवळजवळ सारखी, एनएफसीच्या लेखी तिन्ही वेगळी. ‘ऑ’ बघायचा तर आ + ॅ आणि अ + ॉ अशा जोड्याही डेटात सापडतात.

आता एक इशारा. ‘सोपं करू, ऱ दिसला की र लिहू आणि जोडक गाळू’ हा पहिला मोह होतो. तसं केलंत तर ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ एक होतील, ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ एक होतील. डोंगराच्या दऱ्या शोधणाऱ्याला समुद्र दाखवू नका. दिशा उलटी हवी: र + हलन्त + जोडक दिसलं की त्याचं ऱ + हलन्त करायचं.

बाइटच्या पातळीवर हे फार सुटसुटीत आहे. यूटीएफ-८ मध्ये र म्हणजे ई० ए४ बी०, ऱ म्हणजे ई० ए४ बी१, हलन्त म्हणजे ई० ए५ ८डी. जोडक आला की आतापर्यंत लिहिलेल्या टोकनचे शेवटचे सहा बाइट ‘ई० ए४ बी० ई० ए५ ८डी’ आहेत का बघा. असतील तर शेवटून चौथा बाइट बी० चा बी१ करा. जोडक स्वतः लिहू नका. बस. र + नुक्त्यासाठी शेवटचे तीन बाइट बघायचे आणि शेवटचा एकच बदलायचा. अ + ॅ असेल तर ई० ए४ ८५ चे ई० ए५ बी२.

इतर ठिकाणचा जोडक (क्‍ष वगैरे) आणि शून्यरुंदीचा विजोडक (यू+२००सी) नुसते गाळा. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात मऊ संयोगचिन्ह (यू+००एडी) असतं, तेही गाळा, नाहीतर शब्द मधेच मोडतो. यू+२००बी (शून्यरुंदीची मोकळी जागा) मात्र हद्द म्हणूनच राहू द्या, तो खरंच दोन शब्दांमधे टाकलेला असतो.

*

मेकवाला:

बांधण्याबद्दल.

एकत्रित एसक्यूलाइट३.सी ही उपजलेली फाइल आहे, सोर्स नव्हे. अडीच लाखांहून जास्त ओळी, शंभरावर फाइली एका स्क्रिप्टनं जोडून बनवलेल्या. तिच्यात केलेली दुरुस्ती पुढच्या आवृत्तीला हातानं पुन्हा शोधून लावावी लागते. मूळ झाड (सुट्या सोर्स फाइलींचा संग्रह) घ्या. फॉसिल या आवृत्ती-व्यवस्थेत असतं, गिटवर आरसा (तशीच प्रत) आहे, ‘व्हर्जन-३.’नं सुरू होणाऱ्या खुणांपैकी एखादी प्रकाशित आवृत्ती निवडा, ट्रंक (चालू विकासाची शाखा) नको. टोकनायझर ईएक्सटी/एफटीएस५/ मधल्या एफटीएस५_टोकनाइझ.सी मध्ये आहे, वर्गांचे तक्ते एफटीएस५_युनिकोड२.सी मध्ये. दुसरीला हात लावू नका, ती स्वतःच स्क्रिप्टनं तयार होते.

बांधणी वेगळ्या फोल्डरमध्ये करा, म्हणजे सोर्सचं झाड स्वच्छ राहतं:

एमकेडिर बांध, सीडी बांध
../एसक्यूलाइट/कॉन्फिगर --इनेबल-एफटीएस५
मेक एसक्यूलाइट३.सी
मेक एसक्यूलाइट३

तिसऱ्या ओळीत तुमच्या बदलासकट नवी एकत्रित फाइल तयार होते. ३.४८ च्या आधीच्या आवृत्तीत इथे ‘टीसीएलएसएच सापडत नाही’ म्हणून अडतं, टीसीएल बसवा. ३.४८ पासून कॉन्फिगर ऑटोसेटअपवर गेलं आणि त्याच्यासोबत छोटा टीसीएल दुभाषी येतो, त्यामुळे नुसत्या बांधणीला वेगळा टीसीएल लागत नाही. चाचण्या चालवायच्या तर मात्र टीसीएलचं डेव्हलपमेंट पॅकेज हवंच. एफटीएस५च्या चाचण्या ईएक्सटी/एफटीएस५/टेस्टमध्ये आहेत. सगळ्या नकोत, निदान ‘एफटीएस५युनिकोड’नं सुरू होणाऱ्या टेस्टफिक्स्चरमधून चालवा.

मेकला -जे८ देऊन काही वाचत नाही. शेवटी कंपायलरसमोर एकच अजस्र फाइल येते आणि ती एकच कोअर चघळत बसतो.

शेअर्ड लायब्ररी हातानं करायची असेल तर:

जीसीसी -शेअर्ड -एफपिक -ओ२ -डीएसक्यूलाइट_इनेबल_एफटीएस५ -डब्ल्यूएल,-सोनेम,लिबएसक्यूलाइट३.एसओ.० एसक्यूलाइट३.सी -ओ लिबएसक्यूलाइट३.एसओ.० -एलएम -एलपीथ्रेड -एलडीएल

-एलएम विसरलात तर ‘लॉग’ सापडत नाही अशी तक्रार येते: एफटीएस५च्या बीएम२५ क्रमवारीत लॉगरिदम आहे. शेवटच्या नावातलं ‘.०’ही विसरू नका, त्याचं कारण पुढे कळेल.

पहिली बांधणी -ओ० -जी -डीएसक्यूलाइट_डीबग आणि ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारं साधन) लावून करा. वर अर्धविरामनी सांगितलेलं ‘शेवटून चौथा बाइट’ हे प्रकरण टोकन सहा बाइटांपेक्षा छोटं असताना बफरच्या मागे वाचतं. लांबी आधी तपासली नसेल तर सॅनिटायझर लगेच बोंब मारतो, -ओ२ मध्ये तेच महिनोन्‌महिने गुपचूप चालतं.

आता सुडो मेक इन्स्टॉल. सिस्टमच्या लिबएसक्यूलाइट३ वर ब्राउझरपासून पॅकेजच्या साधनांपर्यंत बरंच काही उभं असतं. वितरणाच्या लायब्ररीत जे पर्याय चालू आहेत (प्राग्मा कंपाइल_ऑप्शन्स चालवून यादी बघा) ते तुमच्यात नसतील, उदाहरणार्थ कॉलम मेटाडेटा, तर दुसराच कुठला तरी प्रोग्राम ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ म्हणून सुरूच होणार नाही. --प्रिफिक्स देऊन /ऑप्टखाली वेगळ्या जागी ठेवा.

*

खटपट्या:

सर्वांचे आभार. मूळ झाडातून बांधलं. एफटीएस५युनिकोडटोकनाइझच्या लूपमध्येच बदल केला, जोडकासाठी आणि अ + ॅ साठी. बांधलेल्या शेलमध्ये तिन्ही तक्रारी मिटल्या. पण:

१. पायथनमध्ये अजून जुनंच वागणं दिसतं. एलडी_लायब्ररी_पाथ (लायब्ररी आधी कुठे शोधायची ते सांगणारा पर्यावरण-चल) दिलेला आहे.
२. एका सहकाऱ्यानं त्याच्याकडच्या डेटाबेस बघायच्या प्रोग्राममधून काही नोंदी भरल्या. त्यानंतर प्राग्मा इंटेग्रिटी_चेक ‘मॅलफॉर्म्ड इन्व्हर्टेड इंडेक्स’ म्हणतं. फाइल बिघडली का?

*

मेकवाला:

पहिल्याचं उत्तर. पायथनमध्ये ‘सिलेक्ट एसक्यूलाइट_सोर्स_आयडी()’ चालवा आणि तुमच्या शेलमधल्याशी ताडून बघा. बदललेल्या सोर्सच्या ओळखीत शेवटचे चार अंक वेगळे असू शकतात. जुळत नसेल तर पायथन तुमच्या लायब्ररीला हातच लावत नाहीये. _एसक्यूलाइट३ मॉड्यूल इम्पोर्ट करून त्याचं __फाइल__ छापा आणि त्या फाइलवर एलडीडी (ती कुठल्या लायब्ररी घेते ते दाखवणारं साधन) चालवा. मॉड्यूल मागतं ते नाव ‘लिबएसक्यूलाइट३.एसओ.०’. तुमच्या फोल्डरमध्ये नुसतं ‘लिबएसक्यूलाइट३.एसओ’ असेल तर लोडर चकार शब्द न काढता सिस्टमच्या लायब्ररीकडे जातो. दुसरी शक्यता, स्क्रिप्ट सुडोखाली किंवा सेवेतून चालतेय. तिथे तो पर्यावरण-चल पोचतच नाही.

कायमचा उपाय हवा तर पायएसक्यूलाइट३ पॅकेजचा सोर्स घ्या, त्याच्या मुळाशी तुमची एसक्यूलाइट३.सी आणि एसक्यूलाइट३.एच ठेवा आणि सेटअप.पीवाय ला ‘बिल्ड_स्टॅटिक बिल्ड’ द्या. लायब्ररी मॉड्यूलच्या पोटात जाते आणि वाटा शोधायची कटकट संपते. दोन्ही फाइली एकाच बांधणीतल्या घ्या. शेल बांधताना हेडर एका आवृत्तीचा आणि सी फाइल दुसऱ्या आवृत्तीची घेतली तर तो ‘हेडर आणि सोर्स जुळत नाहीत’ म्हणून थांबतो, पण तुमचा स्वतःचा प्रोग्राम इतका सज्जन नसतो.

स्थिर जोडणीत एक खड्डा आहे आणि तो खोल आहे. एकाच प्रक्रियेत एसक्यूलाइटच्या दोन प्रती आणि दोन्हींनी तीच फाइल उघडलेली, असं होऊ देऊ नका. पॉझिक्सच्या कुलपांचा नियम असा की प्रक्रियेनं त्या फाइलचा कुठलाही डिस्क्रिप्टर बंद केला की त्या प्रक्रियेची त्या फाइलवरची सगळी कुलपं सुटतात. एकाच प्रतीला हे ठाऊक असतं आणि ती सांभाळून घेते. दोन प्रतींना एकमेकींचा पत्ता नसतो. तेव्हा पायएसक्यूलाइट३ वापरायचं ठरलं की त्याच स्क्रिप्टमध्ये तीच फाइल पायथनच्या मूळ एसक्यूलाइट३ मॉड्यूलनं उघडू नका.

*

रफार:

दुसऱ्याचं उत्तर. मूळ नोंदी शाबूत आहेत, अनुक्रमणिका खिचडी झाली आहे. सहकाऱ्याच्या प्रोग्राममधला युनिकोड६१ जुना, तुमचा नवा, नाव मात्र एकच. त्यानं भरलेल्या ओळींचे टोकन जुन्या पद्धतीनं पडले. तुमची लायब्ररी तपासताना तोच मजकूर नव्या पद्धतीनं मोडते आणि बेरीज जुळत नाही. नुसत्या बेरजेवर भागतही नाही. ओळ पुसताना एफटीएस५ साठवलेला मजकूर पुन्हा मोडून त्यातून येणारे टोकन काढतं. मोडण्याची रीत बदललेली असेल तर खरे टोकन अनुक्रमणिकेत तसेच मागे राहतात.

तात्पुरता उपाय: इन्सर्ट इंटू सूची(सूची) व्हॅल्यूज('रीबिल्ड'). टोकनायझरची एक ओळ जरी बदलली तरी हे चालवायचंच.

खरा उपाय: युनिकोड६१ ला हात लावू नका, नव्या नावाचा टोकनायझर करा. टेबल ‘टोकनाइझ = मराठी’ म्हणून बनवलेलं असेल तर सहकाऱ्याच्या प्रोग्रामला त्या नावाचा टोकनायझर सापडणारच नाही, तो चूक दाखवून थांबेल आणि त्याला सूचीत काहीच भरता येणार नाही. आपल्याला नेमकं हेच हवंय. तोंडावर आलेली चूक बरी, गुपचूप झालेली सरमिसळ नको.

एफटीएस५_टोकनाइझ.सी च्याच तळाशी एसक्यूलाइट३एफटीएस५टोकनायझरइनिट आहे. त्यात एबिल्टइन नावाचा छोटा तक्ता: युनिकोड६१, ॲस्की, ट्रायग्रॅम. प्रत्येक ओळीत नाव आणि तीन फंक्शनं (क्रिएट, डिलीट, टोकनाइझ). तिथे ‘मराठी’ची चौथी ओळ घाला.

*

अर्धविराम:

रफारच्या तक्त्याला धरून पुढे. पण युनिकोड६१ चा अख्खा लूप नक्कल करून ‘मराठी’ नावानं दुसरा ठेवू नका. त्याच फाइलमधला पोर्टर (इंग्रजी शब्दांचे प्रत्यय काढणारा टोकनायझर) बघा. पोर्टर स्वतः शब्द तोडतच नाही. तो आतल्या युनिकोड६१ ला काम सांगतो, आपलं कॉलबॅक फंक्शन (टोकन तयार झाला की बोलावलं जाणारं) देतो, हाती आलेला प्रत्येक टोकन बदलतो आणि पुढे सोडतो. मराठीला हीच घडण अगदी बेतून दिल्यासारखी बसते.

क्रिएटमध्ये युनिकोड६१ ला चार आर्ग्युमेंट द्या: ‘कॅटेगरीज’, ‘एल* एन* सीओ एमएन एमसी’, ‘टोकनचार्स’, आणि चौथ्यात जोडक, विजोडक, मऊ संयोगचिन्ह ही तीन खरी अक्षरं. आता जोडक हद्द राहत नाही आणि ‘दुसऱ्या’ (आ पद्धतीचा) अखंड टोकन म्हणून, जोडकासकट, तुमच्या कॉलबॅकमध्ये येतो. तिथे बफरमध्ये उतरवताना वरचे बाइटांचे नियम लावा.

तीन गोष्टी जपा.

सुरुवात-शेवटाचे ऑफसेट जसे आले तसेच पुढे द्या. ते मूळ मजकुरातल्या बाइटांचे आहेत, टोकनच्या लांबीशी त्यांचा संबंध नाही. टोकन छोटा झाला म्हणून शेवट मागे ओढलात तर हायलाइट() फंक्शन अक्षराच्या मधे खूण घालतं आणि पडद्यावर प्रश्नचिन्हांचे चौकोन येतात.

सगळं गाळून टोकन रिकामा उरला (मजकुरात सुटा जोडक असतो कधी कधी) तर तो पुढे पाठवू नका, शून्य परत करून मोकळे व्हा.

तिसरी फार फसवी आहे. पोर्टरचं कॉलबॅक नक्कल केलंत तर त्याची ६४ बाइटांची मर्यादाही सोबत येते. त्याहून लांब टोकन तो न बदलता पुढे सोडतो. इंग्रजीला ६४ बाइट म्हणजे ६४ अक्षरं, चैन. देवनागरीत प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइटांचा, म्हणजे जेमतेम २१. ‘शेतकऱ्यांसंदर्भातल्या’ ऱ वापरून लिहिला तर नेमके २१ कोडपॉइंट, ६३ बाइट, म्हणजे मर्यादेच्या आत. तोच जोडक वापरून लिहिला तर ६६, म्हणजे बाहेर. ज्याला बदलाची गरज आहे तोच न बदलता निसटतो! मर्यादा काढून टाका. आपले सगळे नियम लांबी कमी करणारे किंवा तेवढीच ठेवणारे आहेत, त्यामुळे आलेल्या टोकनएवढा बफर कायम पुरतो.

३.४७ पासून टोकनायझरच्या एपीआयची दुसरी पिढी आली आहे आणि पोर्टर तीच वापरतो. जुन्या आवृत्तीतला कोड नव्या झाडात चिकटवलात तर फंक्शनच्या आर्ग्युमेंटची संख्या जुळणार नाही. जे झाड घेतलंय त्यातलाच पोर्टर समोर ठेवून लिहा.

*

काना_मात्रा:

एक विरोधी मत. जुन्या फाइलींत ‘दुसर्या’, ‘शेतकर्यांना’ असं सर्रास टंकलेलं आहे, तिथे जोडकही नाही आणि ऱ ही नाही. शोधणाऱ्यांतही बरेच जण तसंच टाइप करतात. दऱ्या-दर्या वेगळे ठेवायच्या शुद्धतेपायी हे सगळे गमावायचे का? माझ्या मते लेखसूचीत दोन्ही एक झाले तरी बिघडत नाही.

*

अर्धविराम:

मुद्दा रास्त आहे. पण एक न करताही दोन्ही साधतं. कॉलबॅकमधून टोकन पुढे देताना एफटीएस५_टोकन_कोलोकेटेड ही खूण लावली की तो आधीच्या टोकनच्याच जागेवर बसतो, समानार्थी शब्दासारखा. ‘दऱ्या’ आला की आधी ‘दऱ्या’ द्या, मग खुणेसकट ‘दर्या’ द्या.

हे दस्तऐवज भरताना करायचं की शोधताना, एवढंच ठरवायचं. टोकनाइझला येणाऱ्या फ्लॅग्जमध्ये ते कळतं: एफटीएस५_टोकनाइझ_डॉक्युमेंट किंवा एफटीएस५_टोकनाइझ_क्वेरी. भरताना केलंत तर ‘दर्या’ टाइप करणाऱ्याला दोन्ही मिळतात आणि ‘दऱ्या’ टाइप करणाऱ्याला फक्त दऱ्या. पण जुन्या फाइलीतला चुकीचा ‘शेतकर्यांना’ नीट टाइप करणाऱ्याला मिळत नाही. शोधताना केलंत तर तो मिळतो, उलट बाजू जाते. चूक डेटात जास्त आहे की शोधणाऱ्यात, ते बघून एकच निवडा. दोन्हीकडे केलंत तर दऱ्या-दर्या पुन्हा एकच होतात, शिवाय अनुक्रमणिका जाड होते.

खटपट्यांच्या वर्णनावरून चूक डेटात दिसते. शोधताना करा.

*

मेकवाला:

शेवटी एक खोडसाळ प्रश्न. पोर्टरसारखं वेष्टणच करायचं असेल तर लायब्ररी बदलायची तरी कशाला? तेच वेष्टण लोड करता येणाऱ्या एक्स्टेन्शनमध्ये बसतं. ‘सिलेक्ट एफटीएस५(?)’ मध्ये पॉइंटर बांधून एफटीएस५ची एपीआय मिळवायची, तिच्यातून युनिकोड६१ शोधायचा, आपला ‘मराठी’ नोंदवायचा. मराठी.सी ची -शेअर्ड -एफपिक देऊन मराठी.एसओ करा, आरंभीचं फंक्शन एसक्यूलाइट३_मराठी_इनिट या नावाचं ठेवा, म्हणजे शेलमध्ये .लोड ./मराठी पुरतं. सहकाऱ्यालाही तीच छोटी फाइल देता येईल.

अडचण एकच: काही ठिकाणच्या पायथनमध्ये एक्स्टेन्शन लोड करणं बांधतानाच बंद ठेवलेलं असतं, मग एनेबल_लोड_एक्स्टेन्शन सापडतच नाही. तिथे पायएसक्यूलाइट३चा रस्ता, आणि तिथेसुद्धा एफटीएस५ची फाइल न बदलता: मराठी.सी एकत्रित फाइलच्या शेवटी जोडायची, कंपाइल करताना -डीएसक्यूलाइट_कोअर द्यायचं, आणि एसक्यूलाइट_एक्स्ट्रा_इनिटमध्ये आपलं एक फंक्शन सांगायचं, जे ऑटो_एक्स्टेन्शननं नोंदणी करेल. मूळ झाड जसंच्या तसं राहतं आणि पुढची आवृत्ती घेताना पॅच लावायचाच नसतो. एसक्यूलाइटवाले बाहेरचे पॅच सहसा स्वीकारत नाहीत हे त्यांच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलंय, तेव्हा झाडात केलेला बदल जन्मभर तुमच्याच गळ्यात राहणार.

*

खटपट्या:

एक्स्टेन्शनच केलं. लूपमधला बदल काढून टाकला, रीबिल्ड चालवलं, इंटेग्रिटी_चेक स्वच्छ. व्होकॅबमध्ये हेक्स(टर्म) छापून बघितलं: ‘दुसऱ्या’ची एकच ओळ, मधे ई०ए४बी१ई०ए५८डी. सुटं ‘या’ आता फक्त जिथे खरंच ‘या’ आहे तिथेच.

एक राहिलं: अंक ‘१९६०’ आणि इंग्रजी आकड्यांतला तोच (‘1960’), हे वेगळे टोकन येतात. कॉलबॅकमध्ये यू+०९६६ ते यू+०९६एफ चं रूपांतर करून चालेल ना?

*

रफार:

चालेल. तीन बाइटांचा एक होतो, बफरला धक्का नाही. त्यानंतर पुन्हा एकदा रीबिल्ड.